नांगराच्या पाटीचा पब, मुक्काम खलिफा सिटी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, इंग्लंडमधल्या एका आडगावी कित्येक पिढ्या चाललेला आणि काही वर्षांपूर्वी कायमचा बंद पडल्याचे जाहीर झालेला पब प्रत्यक्षात बंद पडलेला नसून, तो दर शनिवारी संध्याकाळी, मगरिबची अजान झाल्यावर, अबू धाबीच्या खलिफा सिटीत एका मल्याळी कॅफेटेरियासमोरच्या फुटपाथवर, लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरत असतो. तेथे मद्य मिळत नाही. तेथे फक्त करक, म्हणजे उकळून दाट केलेला दुधाचा कडक चहा मिळतो. या घोषणेस ज्यांची हरकत असेल त्यांनी माझ्या आईशी संपर्क साधावा. तिची हरकत घेऊन झालेली आहे.

घोषणा संपली. आता खुर्ची ओढून घेतो आणि नीट सांगतो.

आम्ही राहतो ते घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाचे तुकडे पाडून केलेल्या फ्लॅटांपैकी एक. शेजारच्या तुकड्यात एक इंग्लिश बाई राहतात. त्या शाळेत शिकवतात आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्यांबद्दल त्यांनी कधी तक्रार केलेली नाही, म्हणजे बाई चांगल्या. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या वडिलांना इकडे आणलं. वय ऐंशीच्या जरा अलीकडे. उंची अशी की दाराच्या चौकटीनंच वाकावं. आणि चेहरा कायम कुणीतरी येण्याची वाट बघणारा. दुकान उघडून बसलेल्या माणसाचा असतो तसा. त्याचं कारण पुढे कळलं. ते पबचे मालक होते. त्यांचे वडील पबचे मालक होते, आजोबा होते, आजोबांची आईही होती. आम्ही त्यांना अंकल म्हणायला लागलो. हे नातं कुठून निघालं म्हणून ते आठवडाभर गोंधळात होते.

आमची शनिवारची बैठक त्यांच्या आधीपासूनची. मी, माझी बायको आणि आमचा वसईचा मित्र. मी मुसाफ्फामधल्या एका गोदामाच्या ऑफिसात आहे. बायको एका क्लिनिकमध्ये अकाउंट्स बघते आणि उरलेल्या वेळात मला बघते. वसईवाला एका बड्या हॉटेलात बँक्वेटला आहे. आठवडाभर झुंबरांखाली लोकांना 'सर, मॅडम' करून झालेलं असतं, त्यामुळे सुटीच्या संध्याकाळी त्याला उघड्यावर, कागदी कपात, कुणाचाही सर न होता चहा प्यायचा असतो. उन्हाळ्यात आम्ही गाडीत एसी लावून बसतो, हॉर्न वाजवतो आणि चहा काचेपाशी येतो. हिवाळ्यात खुर्च्या.

तर अशाच एका हिवाळी संध्याकाळी फेरफटक्याला निघालेले अंकल आमच्यासमोर येऊन थांबले आणि विचारते झाले, इथले मालक कोण? आम्ही काउंटरमागच्या चेट्टाकडे बोट दाखवलं. चेट्टा म्हणजे मल्याळीत दादा. त्याला सगळी खलिफा सिटी चेट्टाच म्हणते. अंकल म्हणाले, तसं नाही; चहा कोण विकतं ते मला दिसतंय. कोण कुठे बसणार, भांडण कुणी थांबवायचं, घरी कधी जायचं, हे कोण ठरवतं?

असं कुणीच ठरवत नव्हतं.

"मग मी ठरवतो," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली. पब उघडला तो असा.

ते बोलत त्यांच्या गावच्या इंग्रजीत, ज्यात निम्मे शब्द गिळलेले असत. इथे मी ते मराठीत सांगतो आहे. त्यात मीठमसाला माझा कुठे आहे ते ज्याचं त्यानं ओळखावं. बायकोच्या मते सगळाच माझा.

पबची गोष्ट त्यांनी सुरू केली ती एका चढापासून. गावाबाहेर रस्ता एकदम उभा चढतो. माल वाहणाऱ्या गाड्यांचे घोडे तिथे दमत, आणि गाडीवाले घोड्यांपेक्षा जास्त दमल्याचं दाखवत. चढाच्या पायथ्याशी एका विधवेचं घर होतं. ती घरीच बिअर करायची. बिअर तयार झाली की दाराबाहेर काठीला डहाळ्यांची जुडी टांगायची, अगदी झाडूसारखी. ती दिसली की रस्त्यावरच्या यच्चयावत पुरुषांना तहान लागायची. बायको म्हणाली, आमच्याकडे दारात झाडू दिसला की पाहुणा आल्या पावली परत जातो. अंकलना हे इतकं पसंत पडलं की त्यांनी ते पुढच्या शनिवारी आम्हालाच परत सांगितलं, स्वतःच्या आजोबांच्या नावावर. मी तेव्हाच ओळखलं की हा माणूस आपल्या जातकुळीतला आहे.

मग त्या घराला पाटी आली. पाटीवर अक्षर नाही, नुसता नांगर रंगवलेला, कारण गावात वाचता येणारा माणूस एकच होता, पाद्री, आणि तो मागच्या दारानं यायचा. वसईवाला म्हणाला, आमचे फादर पुढच्या दारानं येतात आणि आधी फोन करतात. बायकांना आत बसायची मुभा नव्हती. बाजूच्या भिंतीत एक खिडकी होती, तिथे हातात रिकामा जग घेऊन उभं राहायचं आणि बिअर घरी न्यायची, लहानपणी आम्ही किटली घेऊन दूध आणायला जायचो तसं. त्या खिडकीशी बायका काय बोलायच्या, असं माझ्या बायकोनं विचारलं. अंकल म्हणाले, ते गावातल्या कुठल्याच पुरुषाला कळलं नाही. आजीला माहीत होतं, आणि तिनं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आतल्या खोलीत एक लांब टेबल होतं. ओढ्यात कुणी बुडून मेला तर चौकशी होईपर्यंत त्याला त्या टेबलावर ठेवत, आणि लग्न असलं की केक त्याच टेबलावर कापत. मधे फक्त टेबल पुसत. फळ्यांना खिळे ठोकून गिऱ्हाइकांचे बिअरचे मग टांगलेले असत, प्रत्येकाचा वेगळा. गावातली पोरं लढाईवर गेली, त्यातली काही आली नाहीत. त्यांचे मग कुणी वापरले नाहीत आणि काढलेही नाहीत. दर वसंतात आजी ते उतरवायची, धुवायची आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावायची. हे सांगताना अंकलनी हातानं कप विसळल्यासारखं केलं, कपडा आतून फिरवावा तसा अंगठा फिरवला. वाळूवरून येणारा गार वारा आणि मागे चहाच्या पातेल्याचा आवाज, एवढंच.

आणि मग पब मेला. तो कसा मेला हे अंकल फार भराभर सांगत. शहरातल्या लोकांनी गावातली घरं घेतली आणि ते फक्त शनिवार-रविवारी यायला लागले. त्यांना शेणाचा वास नको होता. बिअर सुपरमार्केटात स्वस्त मिळायला लागली. पिऊन गाडी चालवणं बंद झालं, आत सिगारेट ओढणं बंद झालं. दोन्ही बरोबरच होतं, ते स्वतः म्हणायचे, पण मग म्हातारे घरीच बसले. नंतर ती साथ आली आणि सगळंच बंद झालं. अंकलची बायको त्याआधीच गेली होती. पब विकला गेला, त्याचं घर झालं. मुलीनं त्यांना घरं विकणाऱ्या वेबसाइटवर फोटो दाखवले. चिखलाचे बूट काढून जिथे माणसं शेकोटीकडे पाय करून बसत, तिथे आता चालायचं मशीन आहे. "आमच्याकडे तिथे बसून पन्नास वर्षं कुणी हललं नाही," अंकल म्हणाले, "आणि आता तिथे माणसं धावतात आणि तरी कुठे पोचत नाहीत."

आता मुख्य गोष्ट. या सगळ्यात अंकलना आमच्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितली होती. पबमध्ये चार जण बसले की राउंड असतो. आधी एकानं उठायचं आणि सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. ज्याची पाळी आली तो उठला नाही तर बाकीच्यांनी त्याची यथेच्छ टिंगल करायची. टोमणा जितका झणझणीत तितका माणूस घरचा. अंकलचं म्हणणं एवढंच की त्यांचीही पाळी यावी.

आम्ही तिघांनी माना डोलावल्या, वा वा म्हटलं, आणि त्यांची पाळी कधीही येऊ दिली नाही.

कशी येऊ देणार? ते वडीलधारे, त्यात पाहुणे. आपल्या हाडातच ते नाही. माझे वडील सांगलीत कँटीनच्या गल्ल्यावर मित्राचा मनगटापासून हात पिरगाळत आणि दुसऱ्या हातानं स्वतःचे पैसे सरकवत. ते दोघे भांडतायत असं बघणाऱ्याला वाटे. ती कला माझ्यात उतरली आहे. अंकलचा हात नुसता खिशाकडे वळला की मी उभा. मी मोबाइलवर बोलत असलो तर बायको उभी. आणि वसईवाल्याची तर कुणालाच सर नाही. तो गाडी लावतानाच अंकलच्या राउंडची नोट चेट्टाच्या हातात कोंबून यायचा आणि मग खुर्चीत बसून निरागस चेहऱ्यानं म्हणायचा, "खलास, अंकल. हो गया." अंकल उठत, काउंटरपर्यंत जात, आणि तशीच नोट घेऊन परत येत. आम्ही हसायचो. जिंकल्यासारखं वाटायचं.

एकदा वसईवाल्यानं थाटात त्यांना आपल्या हॉटेलातल्या 'अस्सल इंग्लिश खेड्यातल्या पब'मध्ये नेलं. मीही होतो. अंकलनी आत शिरताच वरच्या काळ्या तुळईवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आतून पोकळ. प्लास्टरची होती. त्यांनी शेकोटीकडे पाहिलं. तिथे टीव्हीवर लाकडं जळत होती. ते काही वाईट बोलले नाहीत. फक्त बारमागच्या नेपाळी मुलीला त्यांनी ग्लास कसा तिरका धरायचा ते दाखवलं, आणि मग आनंदानं पाकीट काढलं. इथे तरी आपली पाळी, असं म्हणणारा त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. तोवर वसईवाल्यानं स्टाफ डिस्काउंट लावून बिलावर सही ठोकलेली होती.

मला आता वाटतं की पैसे देणं या गोष्टीत आपण समजतो तेवढा उदारपणा नसतो. पैसे देतो तो यजमान, देत नाही तो पाहुणा. आणि पाहुण्याला कितीही मान दिला तरी तो उठून जाणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. अंकल आयुष्यभर दुसऱ्यांना बसा म्हणत आले. इथे त्यांच्या व्हिसावर ते मुलीचे आश्रित. घर मुलीचं, गाडी मुलीची, फ्रिजमधलं दूधही मुलीचं. फुटपाथवरची लाल खुर्ची एवढी एकच जागा त्यांनी स्वतः ओढून घेतलेली होती.

आम्हाला जी गोष्ट सांगायला हवी होती ती त्यांनी एकदा सांगितलीही. नेहमीसारखी, पबच्या इतिहासातला किस्सा म्हणून. त्यांच्या गावात कुणी माणूस आता फार दिवस काढणार नाही असं झालं की डॉक्टर ते दोघांनाच सांगे, घरच्यांना आणि पबच्या मालकाला. मालक कुणाशी बोलत नसे. फक्त त्या माणसाची राउंडची पाळी आली की मालक दुसऱ्या कुणाकडे तरी नजर टाके, आणि तो दुसरा उठे. एवढंच. ज्याची पाळी उचलली गेली त्याला कळे. तो पेला संपवे, सगळ्यांना एकेक करून शुभ रात्री म्हणे आणि घरी जाई. कुणी रडत नसे, कुणी काही विचारत नसे. मग अंकल म्हणाले की त्यांच्या वडिलांची पाळी त्यांनी स्वतः उचलली होती. वडील काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकांत बसलेले. पाळी त्यांची. अंकल उठले.

"त्यांनी माझ्याकडे बघितलं," अंकल म्हणाले. "मग म्हणाले, बरं तर."

बायकोचे डोळे भरले. मी म्हटलं, काय माणसं होती. आणि वसईवाला, ज्याला कुणाचं दुःख बघवत नाही, तो गहिवरून उठला आणि त्या राउंडचे पैसे देऊन आला.

पाळी अंकलची होती.

यानंतर काही आठवडे अंकल बदलले. गोष्टी सांगत, पण मधेच सोडून देत. येत उशिरा, बसत कडेच्या खुर्चीत. निघताना आमच्या प्रत्येकाशी हात मिळवत, जरा जास्त वेळ. आम्हाला वाटलं थंडी मानवत नसेल. त्यात त्यांच्या मुलीनं त्यांना हॉस्पिटलात नेऊन सगळ्या तपासण्या करून आणल्या होत्या. इथे हे नेहमीचंच, इन्शुरन्सचं वर्ष संपत आलं की जो तो रक्त देऊन येतो. रिपोर्टमध्ये निघालं काय, तर डी व्हिटॅमिन कमी. या देशात सूर्य माणसाला भाजून काढतो आणि डी व्हिटॅमिन प्रत्येकाचं कमीच असतं. आमच्या घरात ते नॉर्मल असलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

एका संध्याकाळी कचरा टाकायला निघालो तर अंकल फाटकाशी उभे. म्हणाले, एक विचारायचं होतं. माझ्या मुलीनं तुम्हाला माझ्याबद्दल काही सांगितलंय का?

मी म्हटलं, नाही हो. काय सांगणार?

त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल एक प्रकारची दया होती. "तुम्ही चांगलं करताय," ते म्हणाले. "मीही असंच 'नाही' म्हणायचो."

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं, जरा नाट्य करून, त्यांच्या आवाजाची नक्कल करून. ती भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. ती मला म्हणाली ते मी इथे सौम्य करून देतो: की पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं अनेक बिनडोक माणसं पाहिली, पण शनिवारी चहा प्यायला बसणाऱ्या तिघांना तोड नाही, आणि त्यांत ती स्वतःलाही धरते. त्या म्हाताऱ्याला वाटतंय आपण त्याची पाळी उचलतोय. त्याला वाटतंय आपल्याला काहीतरी माहीत आहे.

आता उपाय काय? जाऊन सांगायचं, अंकल, तुम्ही मरत नाही आहात? तसं तर आम्ही मरणाऱ्यालाही सांगितलं असतं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. मुलीकडून सांगवावं तर ती म्हणाली, मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिलाय, ते म्हणतात, हो गं, हो. एकच मार्ग होता. त्यांना राउंड घेऊ द्यायचा, आणि तोही उपकार केल्यासारखा नाही. हक्कानं.

वसईवाल्याला फोन केला. त्याला आधी खूप वाईट वाटलं, मग तो म्हणाला की त्यांना टोमणा मारला पाहिजे. पबचा नियमच आहे तो. मी म्हटलं, मार. तो म्हणाला, "अरे भाऊ, मी पपांच्या वयाच्या माणसाला चहा पाज म्हणू? तूच म्हण, तुझं तोंड चालतं." मी आरशासमोर उभा राहून प्रयत्न केला. मी, जो लग्नाच्या पंक्तीत व्याह्यांना हसवून जेवण विसरायला लावतो, त्या मला 'अंकल, फुकट किती पिणार' हे चार शब्द तोंडातून काढता येईनात. माझी मुलगी दारात उभी राहून बघत होती. "बाबा, हू आर यू फायटिंग विथ?" तिनं विचारलं.

शेवटी ठरलं ते असं. टोमणा कुणीच मारायचा नाही. फक्त कुणी उठायचं नाही. कप रिकामे होतील, अंकलची पाळी येईल, आणि आम्ही बसून राहायचं.

यात आई येते. ती त्या हिवाळ्यात सांगलीहून आमच्याकडे आली होती, आणि आल्याच्या पहिल्या शनिवारी मी सवयीनं म्हणालो होतो, चला, पबला जाऊन येतो. आईनं माळ खाली ठेवली. या वयात, या देशात, सुनेला घेऊन, आणि हे मला बघायला लागावं. मुलगी म्हणाली, "आजी, रिलॅक्स, इट्स अ टी शॉप." आईला ते कळलं नाही आणि पटलं तर अजिबात नाही. तपासणीसाठी म्हणून ती स्वतः आली, आणि मग दर शनिवारी यायला लागली. चहा दोन दिरहमला, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, हे कळल्यावर ती तो फार सावकाश प्यायची, एक घोट वाया जाऊ नये म्हणून. अंकलबद्दल तिचं मत आधी चांगलं होतं. मग ते बिघडलं. घरी तिनं सुनेला सांगितलं की साहेब दिसायला खानदानी आहे, पण लबाड आहे. दर वेळी खिशात हात घालतो, काउंटरपर्यंत जाऊन येतो आणि नोट परत खिशात. पैसे मात्र आपली पोरं भरतात. असली नाटकं करणारे आमच्या गल्लीतही होते.

आईला आम्ही बेत सांगितला नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, हे कारण.

तो शनिवार. आम्ही सगळे वेळेवर. वसईवाला जरा उशिरा आला, गाडी लावून, आणि आल्याआल्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. पहिला राउंड माझा. अंकल खिडकीतून बिअरचा जग भरून नेणाऱ्या एका सुईणीची गोष्ट सांगत होते. दुसरा राउंड बायकोचा. ती ट्रे घेऊन आली. आईनं गरम कप पदरात धरला. कप रिकामे झाले.

कुणी उठलं नाही.

अंकल बोलता बोलता थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विमानतळाकडे उतरणाऱ्या एका विमानात मला नको इतका रस घेतला. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती आपली पर्स पायाने खुर्चीखाली ढकलत होती. त्यांनी वसईवाल्याकडे बघितलं. तो घामानं भिजला होता, डिसेंबरात. एखादी गाडी हॉर्न वाजवून चहा मागत होती, तेवढाच आवाज.

अंकल हळूच हसले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. पाठ सरळ केली. काउंटरकडे चालले तेव्हा ते आमच्या फुटपाथवरून चालतायत असं वाटेना, स्वतःच्या घरातल्या दगडी फरशीवरून चालतायत असं वाटलं. त्यांनी ऑर्डर दिली. चेट्टानं चहा ओतला. त्यांनी नोट पुढे केली.

चेट्टानं प्रेमळपणे हात हलवला. "नो नो, अंकल. ऑलरेडी." आणि त्यानं आमच्याकडे बोट दाखवलं.

मी वसईवाल्याकडे वळलो. त्यानं मांड्यांखालचे हात काढून तोंड झाकलं होतं. गाडी लावताना, अजिबात विचार न करता, हातानंच चेट्टाला नोट दिली होती. सवयीनं.

अंकल तसेच उभे. नोट धरलेला हात हवेत. ते मागे वळून आमच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. 'बरं तर' म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा होता. चेट्टाला ओरडून सांगायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता. पण काय? कुठल्या भाषेत? प्लीज त्यांचे पैसे घे म्हटलं असतं तर तीही दयाच झाली असती. आम्ही तिघं शिकलेसवरलेले, तीन भाषा बोलणारे, दगडासारखे बसलो होतो.

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला दिसलं ते इतकंच की लबाड म्हाताऱ्यानं आज एकदाची खरोखर नोट काढली आहे आणि समोरचा ती घेत नाही. ती खुर्चीतून अर्धी उठली, कप टेबलावर आपटला, आणि रस्त्यातल्या गाड्यांच्या वर आवाज चढवून चेट्टाला सांगलीच्या मराठीत म्हणाली:

"अरे घे की त्याचे पैसे, मेलाय का तो!"